रॅम आठची, दिसते सहाची

नवी रॅम बसते, मशीन चालू होतं आणि माणूस हौसेने ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतो. तिथे ओळ असते: इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि लगेच कंसात, ५.९४ जीबी यूझेबल. आठाचे पैसे मोजलेल्याला तो कंस झोंबतो. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला हा पहिला संशय. मग व्हायरसवर आळ येतो. शेवटी कुणीतरी ‘फॉरमॅट मार, सगळं ठीक होईल’ असं सांगतं, आणि मशीनचा काही दोष नसताना रविवार फुकट जातो.

खरं तर त्या ओळीतच अर्धं निदान असतं. कंसाबाहेरचा आकडा म्हणजे मदरबोर्डाला सापडलेली रॅम, आणि कंसातला म्हणजे त्यातून विंडोजच्या वाट्याला आलेली. बाहेरचाच आकडा कमी असेल तर दोष विंडोजच्या आधीचा असतो: पट्टी नीट बसलेली नाही, ती मेली आहे किंवा बोर्डाला पेलत नाही. बाहेरचा बरोबर आणि आतला कमी असेल, तर मधली रॅम कुणीतरी अडवून ठेवलेली असते. ती कुणी अडवली हे बहुतेक वेळा किती कमी पडते यावरूनच ओळखता येतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वजाबाकी करावी.

आठ जीबीच्या मशीनवर ७.८ किंवा ७.९ दिसत असेल तर करण्यासारखं काहीच नाही. बायोस आणि मदरबोर्डावरची उपकरणं थोडी जागा स्वतःसाठी राखतातच. हार्डडिस्कच्या बाबतीत कंपनी दशमानात मोजते आणि विंडोज द्विमानात, म्हणून एक टीबीची डिस्क ९३१ जीबीची दिसते. तसलंच इथे झालं असावं असा अनेकांचा समज असतो. रॅमला तो हिशोब लागू नाही. आठ जीबीच्या पट्टीत खरोखर ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात आणि विंडोजही ते तसेच मोजतं.

तूट अर्ध्या जीबीपासून दोन जीबीपर्यंत असेल, तर नजर ग्राफिक्सकडे वळवावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की खाली बारीक अक्षरांत ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असं लिहिलेलं असतं. तिथे २.१ जीबी असा काही आकडा असला तर चोर सापडला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्र काढणारा भाग प्रोसेसरातच असतो. त्याला स्वतःची रॅम नसते, म्हणून तो मुख्य रॅममधला तुकडा घेतो. एएमडी रायझनचे बरेच लॅपटॉप हा तुकडा चालू होतानाच कापून ठेवतात आणि पुष्कळदा तो पूर्ण २ जीबीचा असतो. वरचं ५.९४ हे असं येतं. इंटेलची पद्धत निराळी आहे. ती सुरुवातीला थोडीशीच जागा कायमची घेते, ३२ किंवा ६४ एमबी, आणि बाकीची लागेल तशी मागून परत करते, म्हणून इंटेलवर तूट दिसत नाही.

डेस्कटॉपच्या बायोसात हा तुकडा लहान करायची सोय बहुतेक वेळा असते. ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ अशा नावाचा पर्याय शोधावा आणि २जीच्या जागी ५१२एम करून पाहावं. पत्रं टाइप करणं, टॅली, ब्राउझर, यूट्यूब एवढ्या कामाला तेवढं पुरतं. गेम खेळणाऱ्याने मात्र हात लावू नये, एका खिशातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखं होईल. लॅपटॉपमध्ये कंपन्या हा पर्याय सर्रास लपवतात. तिथे कंपनीच्या साइटवरून बायोसची नवी आवृत्ती टाकून पाहावी, नाहीतर त्या दोन जीबींवर पाणी सोडावं. टास्क मॅनेजरात जीपीयूच्या पानावर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून निम्म्या रॅमचा आकडा दिसतो, त्याने घाबरू नये. ती कमाल मर्यादा असते, अडवलेली जागा नव्हे.

आता सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गैरसमजाचं प्रकरण: रॅम ४ जीबी, दिसते ३.२ किंवा २.९. किंवा त्याहून वाईट, आठ जीबी घातली तरी तीनच्या पुढे काटा हलत नाही.

इथे प्रॉपर्टीजमधली आणखी एक ओळ वाचावी, सिस्टम टाइपची. तिथे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम’ असेल तर शोध संपला. बत्तीस बिटांत मिळून ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते तयार होतात, म्हणजे नेमके चार जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी, बायोसची चिप यांनाही त्याच यादीतले पत्ते द्यावे लागतात, आणि ते वरच्या टोकाचे दिले जातात. शंभर फ्लॅटांच्या सोसायटीत शंभरच नंबर असावेत आणि त्यातले वीस ऑफिस, क्लबहाउस आणि पार्किंगने घ्यावेत, तसं. उरलेल्या वीस फ्लॅटांना भिंती आहेत, दारं आहेत, पण नंबर नाही, म्हणून पोस्टमन तिथे जातच नाही. रॅम पट्टीवर असते, धडधाकट असते, तिला पत्ता नसतो.

विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी २००८ साली यावर सविस्तर लिहिलं, त्यात त्यांच्याच मशीनचं उदाहरण आहे. गेमिंगसाठी मागवलेल्या त्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम होती आणि एकेक जीबीची दोन ग्राफिक्स कार्डं. विक्रेत्याने वर व्हिस्टाची ३२-बिट आवृत्ती टाकून दिली. विंडोजला मिळाली २.२ जीबी! कार्डं जितकी भारी तितकी रॅम कमी, असा हा उफराटा व्यवहार. लोकांच्या तक्रारी इतक्या होत्या की मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून वापरता येणाऱ्या रॅमऐवजी बसवलेल्या रॅमचा आकडा दाखवायला सुरुवात केली. दुखणं तसंच राहिलं, फक्त दिसेनासं झालं. विंडोज ७ मध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले, आणि तो झोंबणारा कंस जन्माला आला.

ही मर्यादा प्रोसेसरची आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तेही पुरतं खरं नाही. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्येच पीएई नावाची सोय आणली होती. तिने ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबीपर्यंतची रॅम हाताळता येते, आणि ३२-बिट विंडोज सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्या ती वापरतही होत्या. घरगुती विंडोजमध्ये ही वाट मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून बंद ठेवली, कारण कित्येक ड्रायव्हर चार जीबीच्या वरचे पत्ते समोर आले की कोलमडत. इंटरनेटवर ही अडवणूक काढून टाकणारे ‘पॅच’ मिळतात. ते विंडोजच्या गाभ्यातल्या फाइल बदलतात. ज्या मशीनवर हिशोब, बिलं किंवा कुणाचा प्रबंध आहे, तिथे हा जुगाड करूच नये.

सरळ उपाय एकच, ६४-बिट विंडोज टाकणं. सिस्टम टाइपच्या त्याच ओळीत पुढे ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलेलं असेल तर मशीन त्याला तयार आहे. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे जवळपास सगळे डेस्कटॉप चालतात. अडतात ते जुने छोटे नेटबुक, त्यातल्या अॅटम एन२७० ला ६४-बिट मुळात येतच नाही. विंडोज १० चा परवाना त्याच एडिशनच्या दोन्ही आवृत्त्यांना चालतो, नवी की विकत घ्यावी लागत नाही. पण ३२ वरून ६४ वर ‘अपग्रेड’ होत नाही, सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकावं लागतं. बॅकअप आधी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना दारात उभं करत नाही, हेही लक्षात ठेवून ठरवावं. नुसतं इंटरनेट आणि पत्रव्यवहार असेल तर ६४-बिट लिनक्स मिंटही अशा मशीनवर छान चालतं.

तरीही ‘टाका की ६४-बिट’ हा सल्ला दर ठिकाणी लागू पडत नाही. महाराष्ट्रात कित्येक पतसंस्था, आडत दुकानं आणि छापखाने ३२-बिटला चिकटून आहेत, ते अडाणीपणामुळे नव्हे. डॉसच्या काळात लिहून घेतलेली हिशोबाची प्रणाली १६-बिट असते आणि ६४-बिट विंडोजवर ती उघडतच नाही. जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, एखादा जुना स्कॅनर, पासबुक छापणारा प्रिंटर, यांचे ६४-बिट ड्रायव्हर कधी निघालेच नाहीत. अशा ठिकाणी आधी यादी करावी की कुठली वस्तू, कुठलं सॉफ्टवेअर, त्याचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का. डॉसचा प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये चालतो का ते दुसऱ्या मशीनवर पाहावं. नसेल जमत तर ते एक मशीन ३.२ जीबीवरच राहू द्यावं. त्याच्या कामाला तेवढी रॅम डोक्यावरून पाणी आहे, आणि नव्या पट्टीचे पैसे वाचतात.

कंसातला आकडा गोल असेल, म्हणजे २, ८ किंवा १६ च्या काठावर येऊन थांबत असेल, तर विंडोजचं एडिशन पाहावं. भारतात विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपवर सर्रास ‘होम बेसिक’ यायचं. ते खास भारतासारख्या बाजारपेठांसाठी काढलेलं एडिशन होतं. त्याची ६४-बिट आवृत्तीसुद्धा ८ जीबीच्या वर जात नाही. होम प्रीमियम १६ ला थांबतं, प्रोफेशनल थेट १९२ पर्यंत जातं. नेटबुकवरच्या ‘स्टार्टर’ला तर २ जीबीच पुरे. विंडोज १० होमची हद्द १२८ जीबी आहे, त्यामुळे आजच्या घरगुती मशीनला ही अडचण येत नाही. जुना लॅपटॉप कुणी मुलांसाठी दुरुस्त करत असेल तर मात्र सोळाची रॅम घेण्याआधी एडिशन वाचलेलं बरं.

गोल आकड्याचं दुसरं कारण माणसानेच करून ठेवलेलं असतं. ‘रॅम वाढवण्याची गुप्त सेटिंग’ असे व्हिडिओ पाहून लोक रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडतात, बूटमध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सवर जातात आणि ‘मॅक्झिमम मेमरी’पुढच्या चौकोनात टिक करतात. त्या सेटिंगने रॅम वाढत नाही, तिच्यावर झाकण बसतं. कमी रॅमवर आपला प्रोग्रॅम कसा वागतो हे तपासणाऱ्यांसाठी ती ठेवलेली आहे. तिथे चुकून ४०९६ लिहिलेलं असेल तर पुढे कितीही रॅम घाला, विंडोज चारच वापरणार. टिक काढावी, ओके करावं, मशीन रीस्टार्ट करावं. शटडाउन करून पुन्हा चालू करू नये, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज गाभा पुरता बंद करत नाही.

राहिला तो प्रकार, जिथे तूट नेमकी एका पट्टीएवढी असते. सोळातले आठ, किंवा आठातले चार. अशा वेळी बायोस उघडावा. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट किंवा एफ२, एचपीवर एफ१०. पहिल्याच पानावर एकूण रॅम दिसते, आणि बऱ्याच बोर्डांवर कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे तेही. इथे एक चकवा आहे. पट्टीवर एक इवलीशी चिप असते, ती ‘मी आठ जीबीची, अमुक वेगाची’ एवढी ओळख सांगते. ही ओळख पोचते, पण खुद्द माहितीच्या तारा कुठेतरी तुटलेल्या असतात. मग विंडोज म्हणतं, १६ जीबी, कंसात ७.९ यूझेबल. म्हणजे बाहेरचा आकडा पूर्ण असूनही दोष हार्डवेअरचा. वजाबाकीचं उत्तर पट्टीच्या मापाचं आलं की हा संशय घ्यायचाच.

मशीन उघडण्याआधी प्लग काढावा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर ती काढावी, आणि पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरावं. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवावी, विशेषतः कोरड्या हिवाळ्यात. लॅपटॉपची पट्टी तिरकी आत जाते. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या ओढल्या की ती तीसएक अंशात उभी राहते. परत घालताना त्याच कोनात इतकी आत ढकलायची की सोनेरी दातांची नुसती रेघ उरेल, मग वरून दाबायची, दोन्ही चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. एकाच बाजूचा टक् आला की तिथेच निम्मी रॅम गेली म्हणून समजावं. डेस्कटॉपवर चार स्लॉट आणि दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात.

खोडरबराचा मुद्दा इथे निघतोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत प्रत्येक कारागिराच्या ड्रॉवरमध्ये पांढरा रबर असतो, आणि ‘दात घासून’ बसवलेली पट्टी खरोखर चालूही होते. सोन्याचा मुलामा गंजत नाही, पण त्यावर धूळ आणि बोटांचा तेलकट थर बसतो, कोकणच्या दमट खाऱ्या हवेत तो आणखी चिकट होतो. रबर तो थर काढतो आणि प्रत्येक वेळी थोडा मुलामाही. एखाद्या वेळी हरकत नाही, पण हलक्या हाताने, मदरबोर्डापासून लांब, आणि रबराचा भुसा पुसून. त्याहून बरं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. हात धुवायचा सॅनिटायझर वापरू नये. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते सुकल्यावर नवा थर बसतो.

साफ करूनही तूट राहिली तर अदलाबदल. एकच पट्टी, एकच स्लॉट, चालू करून पाहायचं. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्यात. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच थांबला तर बोर्ड. पण बोर्डाला घाईने दोष देऊ नये. रॅमशी बोलणारा भाग एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरातच हलवला, त्यामुळे रॅमच्या तारा प्रोसेसरच्या सॉकेटातून जातात. एलजीए ११५५ सॉकेटात केसासारख्या ११५५ पिना आहेत. पंखा साफ करताना किंवा थर्मल पेस्ट लावताना प्रोसेसर काढला आणि त्यातली एखादी वाकली, तर अख्खं एक चॅनल गायब होतं. पंख्याचा एक स्क्रू जास्त आवळला गेला तरी तेच होतं. रॅम ‘अचानक’ अर्धी झाली असं कुणी सांगितलं की गेल्या आठवड्यात मशीन कुणी उघडलं होतं, हे आधी विचारावं. सैल करून चारही स्क्रू कर्णरेषेत थोडे-थोडे आवळल्यावर रॅम परत आल्याची उदाहरणं कारागिरांकडे भरपूर असतात.

बोर्डाची स्वतःची कुवतही असते. इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या मशीनवर, उदाहरणार्थ थिंकपॅड टी६० वर, ६४-बिट विंडोज टाकलं तरी चारातले तीनच जीबी हाती लागतात, कारण अडवलेल्या पत्त्यांमागची रॅम चारच्या वर हलवायची सोयच त्या चिपमध्ये नाही. त्यानंतरच्या पिढीच्या बोर्डांवर ती सोय आहे, पण कधी बंद असते. बायोसात ‘मेमरी रीमॅप’ नावाचा पर्याय दिसला तर तो एनेबल करावा. असेम्बल्ड पीसीत घरोघरी गेलेल्या जी३१ ची हद्द ४ जीबी, जी४१ ची ८, एच६१ ची १६. जुन्या बोर्डांसाठी बाजारात स्वस्त पट्ट्या मिळतात, ज्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडीसाठी’ असं छापलेलं असतं. त्यांची अंतर्गत रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर त्या बहुधा दिसतच नाहीत. साधारण २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत अगदी मापात बसते, आणि स्क्रीन काळीच राहते.

अगदी नव्या मशीनची तऱ्हा निराळी. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या आल्या, त्या ओळखायला आधीच्या बोर्डांना बायोस अपडेट लागतो. आणि नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना मशीन कित्येक मिनिटं काळी स्क्रीन घेऊन बसू शकतं. प्रत्येक तारेचं टायमिंग जुळवण्याचं काम तेव्हा चाललेलं असतं. घाबरून मधेच स्विच बंद केला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंखा फिरतोय तोवर चहा करून घ्यावा.

सगळे आकडे जुळले, पण मशीन अधूनमधून निळी स्क्रीन दाखवतं, तर रॅम पूर्ण दिसते म्हणून ती निरोगी आहे असं धरू नये. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करावं आणि रात्रभर चालू द्यावं. सकाळी लाल रंगात एक जरी ओळ दिसली तरी पुरे. मग एकेक पट्टी वेगळी तपासून खराब कुठली ते ठरवावं, स्क्रीनचा फोटो काढावा आणि बिलासकट दुकानात जावं. रॅमवर बऱ्याच कंपन्यांची अनेक वर्षांची वॉरंटी असते, पण पट्टीवरचं स्टिकर फाटलं किंवा अल्कोहोलने त्यावरचा सीरियल नंबर पुसला गेला, तर दुकानदार हात वर करतो. म्हणून पट्टी पहिल्यांदा बसवतानाच स्टिकरचा एक स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि साफ करताना कापड सोनेरी दातांच्या वर नेऊ नये.